रणनादाचा श्रोता : प्राचीन इस्राएलच्या धर्मश्रद्धेतील कर्णानादाचा अर्थ

१

युद्धारंभी वाद्यांचा गजर करण्याची चाल बहुतेक प्राचीन संस्कृतींत आढळते. विखुरलेल्या सैन्याला इशारा देणे, स्वपक्षाचा धीर वाढविणे आणि शत्रूच्या मनात धडकी भरविणे ही तिची प्रयोजने उघड आहेत. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात पांडवपक्षाच्या शंखनादाचा परिणाम कौरवांच्या हृदयांवर झालेला दाखविला आहे; म्हणजे तेथे नादाचे लक्ष्य प्रतिपक्ष हे आहे. मराठीत ‘रणशिंग फुंकणे’ हा वाक्प्रचार आव्हान देण्याच्या अर्थी रूढ आहे. केशवसुतांच्या ‘तुतारी’ (१८९३) या कवितेतील वाद्य रणातले असले, तरी ते समाजाला जागे करण्यासाठी हवे आहे. शत्रू असो, सैन्य असो की समाज असो, या सर्व ठिकाणी नादाचा श्रोता मनुष्यच आहे.

हिब्रू बायबलमधील युद्धकथा वाचताना मराठी वाचक हाच संस्कार सोबत घेऊन जातो आणि तेथेच त्याची फसगत होण्याचा संभव असतो. गणना या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला चांदीचे दोन कर्णे घडविण्याची आज्ञा देतो. स्वतःच्या भूमीत, जुलूम करणाऱ्या वैऱ्याशी लढण्यास निघताना ते फुंकावेत, म्हणजे परमेश्वरासमोर लोकांचे स्मरण होईल आणि शत्रूपासून त्यांची सुटका होईल, असे तेथे सांगितले आहे (गणना १०:९). या विधानात शत्रूच्या भयाचा उल्लेख नाही आणि सैनिकांच्या उत्साहाचाही नाही. वाजविणारे याजक आहेत आणि ऐकणारा परमेश्वर आहे.

युद्धारंभीचा हा कर्णानाद मूलतः प्रार्थना आहे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य होय. तो प्रार्थना असल्यामुळेच त्यात एक अनिश्चितता अटळपणे येते. ऐकणारा ऐकेलच, आणि ऐकूनही वाजविणाऱ्याच्या मनाप्रमाणे करील, याची हमी नाही. या अनिश्चिततेला इस्राएलच्या परंपरेने निरनिराळ्या काळी कसे तोंड दिले, हे पाहिले म्हणजे कर्णानादाचा धार्मिक अर्थ स्पष्ट होतो.

२

प्रथम वाद्ये आणि त्यांच्या संज्ञा पाहणे आवश्यक आहे. हिब्रू संहितेत दोन निरनिराळी वाद्ये आहेत. ‘शोफार’ म्हणजे मेंढ्याचे वा तत्सम प्राण्याचे शिंग. ‘हत्सोत्सरा’ म्हणजे धातूचा सरळ कर्णा. मराठीत कर्णा, शिंग, रणशिंग आणि तुतारी असे अनेक शब्द हाताशी असल्यामुळे अनुवादात हा भेद सहज पुसट होतो. वस्तुतः तो महत्त्वाचा आहे. शोफार कोणीही फुंकू शकतो. एहूद डोंगराळ मुलखात तो फुंकून लोकांना गोळा करतो (शास्ते ३:२७), तर यवाब तो फुंकून पाठलाग थांबवितो (२ शमुवेल २:२८). हे निव्वळ लष्करी संकेत आहेत. चांदीचे कर्णे मात्र गणनातील नियमानुसार अहरोनाच्या वंशातील याजकांनीच फुंकावयाचे आहेत.

हे कर्णे ठोकून घडविलेल्या चांदीचे असावेत असे संहिता सांगते. घडणीसाठी येथे जो शब्द आला आहे, तोच निर्गम ग्रंथात पवित्रस्थानातील सोन्याच्या दीपवृक्षासाठी आला आहे. कर्ण्यांची गणना शस्त्रांत न होता उपासनेच्या उपकरणांत होते, हे यावरून सूचित होते. वाद्य म्हणून ते अनोखे नव्हते. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात एक चांदीचा आणि एक तांब्याच्या मिश्रधातूचा असे दोन कर्णे मिळाले. त्यांपैकी चांदीचा सुमारे ५८ सेंटिमीटर लांबीचा आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसिफस मोशेच्या कर्ण्याचे वर्णन हातभराहून किंचित आखूड, बारीक नळीचा आणि तोंडाशी पसरट असे करतो. रोममधील टायटसच्या कमानीवर यरुशलेमच्या मंदिरातून लुटून नेलेल्या वस्तूंत दीपवृक्षाबरोबर कर्णेही कोरलेले आहेत. वाद्य शेजाऱ्यांचेच असले, तरी त्याला दिलेला अर्थ इस्राएलचा होता.

नादाचेही दोन प्रकार आहेत. सलग फुंकण्याला ‘तेकिआ’ म्हणतात. खंडित, कंपित, धोक्याची सूचना देणाऱ्या नादाला ‘तेरुआ’. सभा बोलाविताना तेरुआ करू नये, असे गणना ग्रंथ बजावून सांगतो (१०:७). विशेष म्हणजे तेरुआ हा शब्द वाद्याच्या नादाला जसा लागू होतो, तसाच माणसांच्या एकमुखी आरोळीलाही. आरोळी युद्धाची असो की उत्सवाची, शब्द एकच. गणनातील नवव्या वचनात युद्धाचा कर्णा आहे, तर लगेच दहाव्या वचनात सण, अमावास्येनंतरचा चंद्रारंभ आणि होमबली यांवेळचा. दोन्हीकडे हेतू एकच सांगितला आहे : परमेश्वरासमोर स्मरण. रणभूमी आणि वेदी यांना जोडणारा दुवा म्हणजे हे स्मरण होय.

स्मरणाची ही कल्पना नीट समजून घ्यावयास हवी. ‘झाखर’ या हिब्रू धातूचा अर्थ केवळ आठवणे असा नाही. परमेश्वराने नोहाचे स्मरण केले आणि जलप्रलय ओसरू लागला (उत्पत्ती ८:१). मिसरातील आक्रंदन ऐकून त्याने आपल्या कराराचे स्मरण केले आणि मुक्तीचा आरंभ झाला (निर्गम २:२४). ईश्वराचे स्मरण म्हणजे ईश्वराने कृतीस प्रवृत्त होणे. मराठी भक्तिपरंपरेतील नामस्मरणाशी ही कल्पना ताडून पाहण्यासारखी आहे. वारकरी देवाचे स्मरण करतो. कर्ता भक्त आहे. कर्णानादात स्मरणाचा कर्ता ईश्वर आहे आणि मनुष्य स्मरला जाण्याची याचना करतो. दिशा उलटी आहे, म्हणून धोकाही निराळा आहे. स्तोत्र ४४ मध्ये रणात पराभूत झालेला समाज म्हणतो की आम्ही तुला विसरलो नाही, आणि त्याच वेळी देवाला विचारतो की तू का झोपलास, आमचे हाल का विसरलास. देव विसरू शकतो ही भीती जेथे जिवंत आहे, तेथेच स्मरणासाठी कर्णा फुंकण्याला अर्थ प्राप्त होतो.

३

युद्धकथांत या श्रद्धेचे रूप कसे दिसते, हे आता पाहता येईल. यरीहोची कथा (यहोशवा ६) सर्वांत प्रसिद्ध. सात याजक, सात शोफार, सात दिवस, सातव्या दिवशी सात प्रदक्षिणा आणि मागे कराराचा कोश, ही रचना वेढ्याची नसून मिरवणुकीची आहे. लोकांना सातव्या दिवसापर्यंत शब्दही न उच्चारण्याची ताकीद आहे (६:१०). सहा दिवस फक्त शिंगे बोलतात. माणसे मुकी असतात. नगर घेण्याच्या कलेत ज्यांना ज्यांना स्थान असते त्या शिड्या, सुरुंग आणि ओंडके यांपैकी काहीही येथे नाही. कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहो येथे केलेल्या उत्खननात यहोशवाच्या मानलेल्या काळाशी जुळणारी तटबंदी आढळली नाही. कथेचे बलस्थान इतिवृत्तात न शोधता तिच्या उपासनारूपात शोधावे लागते, हे या पुराव्याने अधिकच ठळक झाले.

गिदोनाच्या कथेत (शास्ते ७) हाच विचार संख्येच्या आधाराने मांडला आहे. बत्तीस हजारांतून बावीस हजार परत पाठविले जातात. उरलेल्या दहा हजारांतून तीनशेच निवडले जातात. आपल्या हातांनी आपण तरलो, अशी बढाई इस्राएलने मारू नये, हे कारण संहिता स्वतः देते. मध्यरात्री हे तीनशे डाव्या हातात मशाल आणि उजव्या हातात शोफार घेऊन उभे राहतात. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तलवार धरावयास हातच उरत नाही. त्यांच्या आरोळीत तलवारीचा उच्चार आहे, हातात मात्र ती नाही. तलवारी चालतात त्या मिद्यान्यांच्या छावणीत, एकमेकांवर. या प्रसंगाला युक्तीचा विजय म्हणता येईल. शत्रू घाबरला हेही खरे. परंतु कथनकाराने भयाला दुय्यम स्थान दिले आहे. त्याच्या दृष्टीने तलवारी फिरविणारा परमेश्वर आहे.

या दोन कथाच वाचल्या, तर नाद केला की विजय ठरलेला, असा समज होईल. तो समज मोडण्याचे काम पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायातील कथा करते. पलिष्ट्यांकडून पराभव झाल्यावर इस्राएलचे वडीलधारे कराराचा कोश छावणीत आणवितात. कोश येताच सर्व लोक एवढा मोठा तेरुआ करतात की जमीन दणाणते. पलिष्टी खरोखरच घाबरतात. युद्धनादाचे मानवी प्रयोजन येथे पूर्ण सफल झाले आहे. तरीही इस्राएलचे तीस हजार पायदळ पडते आणि कोश शत्रूच्या हाती जातो. या प्रसंगी कर्ण्यांचा उल्लेख नाही, नाद माणसांच्या कंठाचा आहे; पण शब्द तोच आहे. घाबरलेला शत्रू जिंकतो आणि गर्जना करणारा हरतो, या उलटापालटीतून कथनकार एक भेद दाखवून देतो. नाद ही विनंती असू शकते, देवाला वेठीस धरण्याचे साधन नव्हे. यरीहो आणि एबन-एजर या दोन कथा एकाच ग्रंथसमूहात शेजारी नांदतात, म्हणूनच कर्णानादाला जादू म्हणता येत नाही.

गेरहार्ट फॉन राट यांनी १९५१ मधील आपल्या ग्रंथात ‘पवित्र युद्ध’ ही शास्त्यांच्या काळातील एक संस्था मानली आणि शिंग फुंकून लोकांना बोलाविणे ही तिची पहिली पायरी गणली. पुढे १९६३ मध्ये रुडॉल्फ स्मेंट यांनी आणि १९७२ मध्ये मानफ्रेट वाइपर्ट यांनी या मांडणीवर आक्षेप घेतले. देव लढतो ही कल्पना असीरियादी राष्ट्रांतही होती, हे वाइपर्ट यांनी दाखविले. हा आक्षेप मान्य केला तरी एबन-एजरच्या कथेचे वेगळेपण उरतेच. तेथे स्वतःच्या पराभवाची कथा स्वतःच्याच पवित्र ग्रंथात जतन झाली आहे आणि नादाची निष्फळता तीत लपविलेली नाही.

४

गणनातील नियम याजकीय परंपरेतला असून त्याचे आजचे रूप बाबेलमधील निर्वासनाच्या सुमारास किंवा नंतर सिद्ध झाले, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास हे ग्रंथ निश्चितपणे निर्वासनोत्तर आहेत. या काळात यहूद्यांना राजा नव्हता आणि सैन्यही नव्हते. तरीही कर्णे फुंकून केलेल्या युद्धाचे सर्वांत रेखीव चित्र याच ग्रंथांत आढळते. राजा अबीया आणि यराबाम यांच्या लढाईत यहूदाचे लोक पुढून व मागून वेढले जातात; ते परमेश्वराचा धावा करतात, याजक कर्णे फुंकतात, मग लोक आरोळी देतात आणि देव शत्रूला मारतो (२ इतिहास १३:१४-१५). धावा, कर्णा आणि आरोळी हा क्रम अर्थपूर्ण आहे. कर्णा येथे शब्द आणि निःशब्द गर्जना यांच्या मधोमध उभा आहे. राजे या ग्रंथात अबीयाच्या कारकिर्दीचा वृत्तांत आहे, पण या लढाईचे वर्णन नाही. युद्ध करण्याची शक्ती गेल्यावर युद्धाचा विधी अधिक तपशीलाने लिहिला गेला. सत्ता गमावलेल्या समाजाने कर्ण्याचा अर्थ सत्तेपासून सोडवून घेतला, असेच या घटनेचे वाचन करावे लागेल.

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात मक्काबींच्या उठावात प्रत्यक्ष युद्ध पुन्हा उभे राहिले. मक्काबी या पहिल्या ग्रंथात मिस्पा येथे जमलेले लोक उपवास करतात, नियमशास्त्राची गुंडाळी उलगडतात, आक्रोश करतात आणि मगच कर्णे वाजवितात. पुढे भ्रष्ट झालेले मंदिर पाहून ते जमिनीवर पालथे पडतात, तेव्हाही कर्णे वाजतात (४:४०). तेथे समोर शत्रू नाही. नाद शोकाचा आहे आणि त्याचा रोख आकाशाकडे आहे.

१९४७ मध्ये कुमरानच्या पहिल्या गुहेत सापडलेली ‘युद्धाची गुंडाळी’ या परंपरेचे टोक होय. यिगाएल यादिन यांनी १९५५ मध्ये तिची सटीप आवृत्ती सिद्ध केली. अंतिम युद्धाच्या या विधिग्रंथात कर्ण्यांचे प्रकार नावानिशी दिले आहेत : आवाहनाचे, स्मरणाचे, तेरुआचे, पाठलागाचे आणि परत फिरण्याचे. त्यांवर कोणती वचने कोरावीत तेही सांगितले आहे. लष्करी डावपेचांच्या मधोमध ‘स्मरणाचे कर्णे’ असावेत, यावरून गणनातील नियमाची पकड किती घट्ट होती ते दिसते. परंतु अधिक बोलका तपशील पुढेच आहे. शत्रू पडू लागले म्हणजे याजकांनी दुरूनच कर्णे फुंकत राहावे, मृतांमध्ये जाऊ नये, रक्ताने आपला अभिषेक विटाळू नये, असा दंडक तेथे घातला आहे.

५

या दंडकापाशी समीक्षकाला थांबावे लागते. ज्या नादाने संहार चालतो, तो नाद काढणाऱ्याने रक्तापासून दूर राहावयाचे, ही तरतूद पावित्र्याची आहे की जबाबदारी टाळण्याची, हा प्रश्न टाळता येत नाही. यरीहोचा तट पडल्यावर स्त्री-पुरुष, बालक-वृद्ध सर्वांचा संहार होतो (यहोशवा ६:२१). मिद्यान्यांवरील स्वारीत याजक फिनहास पवित्र उपकरणे आणि कर्णे घेऊन जातो, आणि तो अध्याय (गणना ३१) बायबलमधील अत्यंत क्रूर अध्यायांपैकी एक आहे. कर्णानाद ही प्रार्थना आहे एवढे म्हटल्याने हे रक्त पुसले जात नाही. उलट, विजयाचे श्रेय देवाला दिले की संहाराचा दोषही त्याच्याच माथी मारण्याची सोय होते.

गणना १०:९ या नियमातच एक मर्यादा आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. भूमी स्वतःची असावी आणि शत्रू जुलूम करणारा असावा. स्मरणाचे आश्वासन पीडिताला आहे. मिद्यानावरील स्वारी या अटीत बसते काय, हे ग्रंथ विचारीत नाही. मात्र नियम आणि कथा शेजारी ठेवणाऱ्या वाचकाला ते विचारण्याची मोकळीक उरते.

संदेष्ट्यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने उपस्थित केला. आमोस नगरातल्या शोफाराने लोक भयभीत होत नाहीत काय, असे विचारतो (३:६), आणि संकट आणणारा परमेश्वरच असल्याचे सांगतो. योएलाच्या दुसऱ्या अध्यायात सीयोनेत तेरुआ होतो, कारण परमेश्वराचा दिवस स्वकीयांवरच येत आहे. त्याच अध्यायात पुढे तेच शिंग उपवासासाठी फुंकले जाते. यिर्मयाला शोफार ऐकून हृदयात वेदना होतात (४:१९). शत्रूवर रोखलेले वाद्य संदेष्टे स्वतःच्या समाजाकडे वळवितात. देव आपल्या बाजूचा आहे असे गृहीत धरणाऱ्यांना ते सांगतात की श्रोत्याला स्वतःचे मत आहे.

६

तौलनिक दृष्टीने पाहता भारतीय युद्धवर्णनांशी असलेला मुख्य भेद आता नेमका सांगता येतो. गीतेत शंखांना नावे आहेत : पांचजन्य, देवदत्त, पौण्ड्र. प्रत्येक नाद एका वीराची ओळख आहे आणि पहिल्या वीरांत साक्षात श्रीकृष्ण आहे. ज्ञानेश्वरीत तर या नादाने विश्वाचा अंत ओढवतो की काय अशी अवस्था होते आणि आदिपुरुषच तो कल्लोळ शमवितो. देव येथे वाजविणारा आहे आणि आवरणाराही. इस्राएलच्या कर्ण्यांना वीरांची नावे नाहीत. देव रणात उतरतो खरा, पण नादाच्या व्यवहारात तो ऐकणाऱ्याच्या जागी आहे.

हा भेद सर्वस्वी निरपवाद मात्र नाही. सीनाय पर्वतावर शोफाराचा आवाज उत्तरोत्तर वाढत जातो, तेव्हा तो कोण फुंकतो हे संहिता सांगत नाही (निर्गम १९). जखऱ्याच्या नवव्या अध्यायात प्रभू परमेश्वर स्वतः शोफार फुंकील असे म्हटले आहे (९:१४). मनुष्याच्या हाकेला देवाचा प्रतिनाद मिळेल, ही आशा या दोन स्थळी व्यक्त होते. पहिले स्थळ करारारंभीचे आहे, दुसरे भविष्यातले. या दोहोंमधील इतिहासाच्या प्रदीर्घ टप्प्यात फुंकणे मनुष्याकडे आणि ऐकणे देवाकडे आहे.

इसवी सन ७० मध्ये मंदिर नष्ट झाले आणि याजकांच्या चांदीच्या कर्ण्यांचा विधी खंडित झाला. शोफार उरला. मिश्नाच्या रोश हशाना या प्रकरणात, वाटेने जाताना शोफार कानी पडला आणि ऐकणाऱ्याचे मन त्याकडे लागलेले नसेल तर कर्तव्य पार पडत नाही, असा निर्णय आहे. त्याला लागूनच एक युद्धप्रसंग येतो : मोशेचे उंचावलेले हात युद्ध जिंकीत होते काय? उत्तर असे की इस्राएल वर पाहून आपले हृदय स्वर्गस्थ पित्याला वश करी, तोवर त्याची सरशी होई. वाद्याच्या चर्चेत हातांची ही कथा आणण्यामागचा हेतू स्पष्ट आहे. साधनात सामर्थ्य नाही, रोखात आहे. बाराव्या शतकात मायमोनिदीसने गणनातील तीच आज्ञा अवर्षण, रोगराई आणि टोळधाड यांनाही लागू केली, आणि नववर्षाच्या शोफाराचा अर्थ निद्रितांनी जागे होऊन आपली कृत्ये तपासावीत असा लावला. कोकण आणि मुंबईतील मराठीभाषी बेने इस्राएलांच्या सभास्थानांतही नववर्षाला जो शोफार फुंकला जातो, त्याला हाच वारसा आहे. आणि त्या दिवसाच्या उपासनेतील एका भागाचे नावच ‘स्मरणे’ असे आहे.

मायमोनिदीसच्या अर्थाने नादाला मनुष्य हा श्रोता पुन्हा मिळाला, असे वाटण्याजोगे आहे. केशवसुतांच्या तुतारीपासून हा अर्थ फार दूर नाही. तथापि येथील मनुष्य रणावर निघालेला नाही. ज्याने देवाला जागे करण्यासाठी शिंग तोंडाला लावले, त्यालाच ते जागे करीत आहे. युद्धाचा कर्णा प्रार्थना ठरला, तेव्हाच त्याचा हा प्रवास शक्य झाला. जो नाद शत्रूला घाबरविण्यासाठीच असतो, तो शत्रू हरला की संपतो. जो ऐकले जाण्याची याचना करतो, त्याला वाजविणाऱ्याची पात्रताही तपासून घ्यावी लागते. यरीहोच्या संहाराचे समर्थन या परंपरेतून काढता येते, हे खरे. पण त्या समर्थनाविरुद्धचा सर्वांत कठोर साक्षीदारही याच परंपरेत, एबन-एजरच्या रणात निष्फळ झालेल्या गर्जनेच्या रूपाने, उभा आहे.